माळ्यावरच्या फोर-एट-सिक्समधून फाइली उतरवायच्या, त्याही मॉडेमने

मामाची प्रेस चिपळूणला. खाली छपाई, वर माळ्यावर डीटीपीचं मशीन, म्हणजे एक फोर-एट-सिक्स (४८६ चिपचा जुना पीसी), त्यात विंडोज ३.१ आणि पेजमेकर ५ (पानं मांडायचा प्रोग्राम). २००५ च्या पुरानंतर ते माळ्यावर गेलं ते तिथेच राहिलं आणि म्हणूनच २०२१ च्या जुलैतल्या पुरातही वाचलं. त्यात लग्नपत्रिका, गणपती मंडळाच्या पावत्या, दोन स्मरणिका आणि मामाने रात्री जागून काढलेल्या बॉर्डरी. फ्लॉपी ड्राइव्ह मेलेला, यूएसबी नाही, नेटवर्क कार्ड नाही. मी म्हटलं खाली आणतो आणि हार्डडिस्क काढून दुसरीकडे लावतो, तर मामा म्हणाला, "हलवलंस की बंद पडणार ते, लिहून देतो."

आणि खरं सांगायचं तर त्याचं चुकत नव्हतं, जुन्या डिस्क फिरतायत तोवर फिरतायत, एकदा थंड पडून धक्का बसला की हेड तबकडीला चिकटून बसल्याचे किस्से भरपूर आहेत.

दुसरं मशीन विंडोज ९८ चं, ते घरात, आणि घर प्रेसच्या मागे चढावर, मध्ये पन्नास-साठ मीटर परस. सिरीयल केबल एवढी लांब ओढून चालत नाही, आरएस-२३२ ची (म्हणजे सिरीयल पोर्टच्या पद्धतीची) मर्यादा साधारण १५ मीटर धरतात. पण प्रेस ते घर इंटरकॉमची वायर आधीपासून होती. मग मॉडेम लावले, म्हणजे मशीनचा डेटा आवाजात बदलून फोनच्या वायरवरून पाठवणाऱ्या डब्या. तीन दिवस गेले, त्यातले अडीच दिवस अशा चुकांत जे कुणी आधी सांगितलं असतं तर झाल्याच नसत्या. म्हणून हे लिहितोय.

तुमची दोन्ही मशीन एकाच टेबलावर येत असतील तर हे सगळं सोडा आणि नल मॉडेम केबल (दोन मशीन थेट जोडणारी सिरीयल केबल) शोधा, किंवा डिस्क निघत असेल तर यूएसबीला आयडीई (जुन्या पद्धतीची हार्डडिस्क) लावायचा अडॅप्टर घ्या. यातलं काहीच जमत नसेल तर पुढे वाचा.

एक सूचना. कमांड मी इथे बोलल्यासारख्या लिहिल्यात, मामाला मोबाइलवर सांगत होतो तशाच. टाइप करताना अर्थात इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे, आणि प्रत्येक कमांडनंतर एंटर. "अँड" म्हणेन तिथे ७ च्या डोक्यावर बसलेलं चिन्ह.

१. आधी सामान गोळा करा

- दोन मॉडेम, शक्यतो दोन्ही बाहेरचे, डबीवाले, दिवे असलेले
- दोन्हीचे अडॅप्टर, आणि कुठला अडॅप्टर कुठल्या मॉडेमचा हे पेनाने लिहून ठेवा, काही एसी देतात काही डीसी, अदलाबदल झाली की धूर
- मॉडेमची सिरीयल केबल, २५ पिनी टोक मॉडेमकडे, ९ पिनी किंवा २५ पिनी मशीनकडे. ही सरळ केबल पाहिजे. नल मॉडेम केबल इथे चालत नाही, दिसायला दोन्ही सारख्याच
- फोनच्या दोन वायरी, टोकाला नेहमीचा आरजे-११
- इंटरकॉमचा डबा म्हणजे ईपीएबीएक्स, किंवा लँडलाइन, किंवा काहीच नाही (ते पायरी ४ मध्ये)
- एक साधा फोन, लाइन तपासायला. हा विसरू नका
- दोन माणसं आणि दोन मोबाइल

मॉडेम मला एक मामाच्या कपाटात मिळाला, तो ५६के (सेकंदाला ५६ हजार बिट), इंटरनेटच्या सुरुवातीच्या दिवसातला. दुसरा पुण्याच्या जुन्या बाजारातून आणला, १४.४के. जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो, सकाळी लवकर जा, आणि अडॅप्टरसकट मिळाला तरच घ्या.

मशीनच्या आत बसणारा पीसीआय मॉडेम असेल तर जरा जपून. त्यातले बरेचसे विनमॉडेम, म्हणजे अर्धं काम विंडोजचा ड्रायव्हर करतो, डॉसमध्ये (विंडोजच्या आधीची काळ्या स्क्रीनची सिस्टिम) ते निव्वळ पत्रा. विंडोज ९८ च्या बाजूला ड्रायव्हर असेल तर चालेल, फोर-एट-सिक्सच्या बाजूला नको.

२. पोर्ट ओळखा, माउसला विसरू नका

माझा पहिला अख्खा दिवस इथे गेला. जुन्या मशीनला माउस सिरीयलचा असतो आणि तो बहुतेक वेळा कॉम १ वर, म्हणजे पहिल्या सिरीयल पोर्टवर. मॉडेम कॉम २ वर लावा, विषय संपला. पण आत बसवलेलं मॉडेमचं आयएसए कार्ड असेल आणि ते जंपरने कॉम ३ वर ठेवलेलं असेल तर गंमत होते, कारण कॉम १ आणि कॉम ३ दोघं आयआरक्यू ४ (प्रोसेसरला हाक मारायची एकच लाइन) वापरतात, कॉम २ आणि कॉम ४ दोघं आयआरक्यू ३. म्हणजे मॉडेम बोलायला लागला की माउस गोठतो, माउस हलवला की मॉडेम गप्प. मामाच्या मशीनमध्ये असं एक जुनं कार्ड कुणीतरी बसवून ठेवलेलं होतं, ते मला माहितच नव्हतं. ते काढून टाकलं आणि डबीवाला मॉडेम कॉम २ ला लावला.

डॉसच्या प्रॉम्प्टवर एमएसडी (मशीनची तपासणी करणारा प्रोग्राम) चालवा. त्यात कॉम पोर्ट्स उघडलं की खाली यूएआरटी, म्हणजे सिरीयल पोर्ट चालवणारी चिप, कुठली आहे ते दिसतं. १६५५० लिहिलेलं असेल तर बरं. ८२५० किंवा १६४५० असेल तर त्या चिपला एकावेळी एकच अक्षर धरता येतं, दुसरं आलं आणि मशीन तेवढ्यात डिस्कवर लिहीत असलं की पहिलं गेलं. मामाची ८२५० निघाली. अशा मशीनवर पोर्टचा स्पीड १९२०० च्या वर नेऊ नका, आणि चुका आल्या तर ९६०० वर या, लाज वाटून घेऊ नका.

३. सॉफ्टवेअर: कोंबडी आधी की अंडं

नवीन माणूस इथे हमखास अडतो. फाइली पाठवायला चांगला प्रोग्राम पाहिजे, तो फोर-एट-सिक्सवर नाही, आणि तो टाकायला फ्लॉपी नाही. घाबरू नका, विंडोज ३.१ मध्ये अॅक्सेसरीजच्या ग्रुपमध्ये टर्मिनल नावाचा प्रोग्राम आधीच असतो. अगदीच साधा आहे, एक्समोडेम आणि केरमिट (फाइल पाठवायच्या पद्धती) एवढंच येतं, पण दुसरा प्रोग्राम आत ओढून घ्यायला पुरतो. विंडोज ९८ मध्ये हायपरटर्मिनल असतं, दिसत नसेल तर कंट्रोल पॅनलमधून अॅड-रिमूव्ह प्रोग्राम्स, विंडोज सेटअप, कम्युनिकेशन्स, तिथे टिक करा, विंडोजची सीडी मागेल.

बेत असा, की आधी टर्मिनलने हळूहळू दोनच गोष्टी फोर-एट-सिक्सवर घ्यायच्या: टेलिक्स (डॉसचा प्रोग्राम, त्यात झेडमोडेम आहे) आणि पीकेझिप २.०४जी (फाइली दाबून झिप करणारा). मग विंडोजमधून बाहेर पडून टेलिक्सने खरं काम करायचं.

एक्समोडेम १९७७ चा आहे, वॉर्ड क्रिस्टनसनने लिहिलेला. १२८ बाइटचा तुकडा पाठवतो आणि समोरून "मिळालं" येईपर्यंत थांबतो, परत तुकडा, परत थांबा. मॉडेमवर प्रत्येक थांब्याला वेळ जातो त्यामुळे लाइनचा निम्मा वेग वाट बघण्यात वाया. झेडमोडेम १९८६ चा, चक फोर्सबर्गचा, तो न थांबता पाठवत राहतो, चूक झाली तेवढंच परत पाठवतो, फाइलचं नाव पाठवतो आणि मुख्य म्हणजे लाइन तुटली तर जिथे तुटली तिथून पुढे सुरू करतो. फरक किती ते वापरल्यावर कळतं.

४. लाइन जोडा

तीन प्रकार आहेत.

इंटरकॉमचा डबा असेल तर उत्तम. त्याला डायल टोन असतो, रिंग असते, लाइनला करंट असतो, मॉडेमला वाटतं आपण टेलिफोन एक्स्चेंजला जोडलेलो आहोत. आमच्याकडे प्रेसचं एक्स्टेन्शन २१ आणि घराचं २२. आधी साधा फोन लावून २१ वरून २२ ला लावून बघा, आवाज स्वच्छ येतोय का, खरखर आहे का. आमच्या वायरचा एक जोड परसातल्या आंब्याच्या खोडाला टांगलेला होता, उघडा, चिकटपट्टी कधीच गळून गेलेली आणि तांबं हिरवं पडलेलं. माणसाला बोलताना जाणवत नाही, मॉडेमला जाणवतं. जोड खरवडून परत पिळला, नवीन टेप मारली आणि वर प्लास्टिकची पिशवी बांधली, तोपर्यंत १४.४के चा मॉडेम ४८०० वर जुळत होता, त्यानंतर पूर्ण १४४०० वर.

डिजिटल की-फोनवाला ईपीएबीएक्स असेल, ऑफिसात असतो तो डिस्प्लेवाला, त्याच्या डिजिटल एक्स्टेन्शनला मॉडेम लावू नका. साध्या फोनचं एक्स्टेन्शनच पाहिजे.

दुसरा प्रकार खरी लँडलाइन, म्हणजे दोन मशीन दोन गावात. तांब्याची लाइन असेल तर चालतं. हल्ली बऱ्याच ठिकाणी लँडलाइन फायबरवर गेली आहे, नंबर तोच पण आवाज पाकिटं करून जातो, माणसाचं बोलणं नीट येतं आणि मॉडेमचं पार विस्कटतं. कॉम्प्रेशन असलं तर जुळायचं नाव नको, जुळलं तर दोन मिनिटात सुटतं. अशा लाइनवर मी मुलुंडच्या एका मित्राबरोबर एक रविवार घालवलाय, तुम्ही घालवू नका. आणि कॉल वेटिंग बंद करा, मध्येच टुक झालं की कॅरियर (मॉडेममधला चालू सिग्नल) गेलाच.

तिसरा प्रकार, मध्ये काहीच नाही, फोनची वायर एका मॉडेममधून थेट दुसऱ्यात. बरेच मॉडेम असेही जुळतात. काहींना लाइनवर थोडा करंट लागतो, तेव्हा लोक एका तारेत ९ व्होल्टची बॅटरी आणि ३०० ओहमच्या आसपासचा रेझिस्टर सिरीजमध्ये घालतात. हे करताना भिंतीतली खरी टेलिफोन लाइन कुठेही जोडलेली नको. तिच्यावर ४८ व्होल्ट असतात आणि रिंग आली की त्याहून बरेच जास्त.

तिन्ही प्रकारांत एक गोष्ट: त्याच वायरवरचे बाकीचे सगळे फोन काढून ठेवा. चालू ट्रान्सफरमध्ये मामीने जेवायला बोलवायला फोन उचलला आणि १८ मिनिटांचं काम गेलं. तिला काय दोष देणार, इंटरकॉम त्यासाठीच तर लावलेला.

५. मॉडेमशी बोलून बघा

अजून डायल करायचं नाही. आधी प्रत्येक बाजूला मशीन आणि मॉडेम एकमेकांना ओळखतात का ते बघायचं.

विंडोज ९८ वर हायपरटर्मिनल उघडा, नाव काहीही द्या. मग ते फोन नंबर, एरिया कोड विचारेल, त्यात पडू नका, खालच्या "कनेक्ट युजिंग" मध्ये "डायरेक्ट टू कॉम १" निवडा (किंवा तुमचा जो पोर्ट असेल तो). मॉडेमचं नाव निवडलंत तर हायपरटर्मिनल स्वतःचा शहाणपणा करतं, कमांड हातात राहत नाहीत. पुढच्या खिडकीत स्पीड ५७६००, डेटा बिट ८, पॅरिटी नन, स्टॉप बिट १, फ्लो कंट्रोल (डेटा साचला की समोरच्याला थांबवायची सोय) हार्डवेअर.

फोर-एट-सिक्सवर टर्मिनलमध्ये सेटिंग्ज, कम्युनिकेशन्स: कॉम २, स्पीड ९६०० (वर १९२०० पर्यंतच मिळतो), बाकी तेच, ८, नन, १, आणि फ्लो कंट्रोल हार्डवेअर. इथे झॉन-झॉफ (स्क्रीनवर Xon/Xoff) आधीच टिक केलेलं असतं, ते काढा. झॉन-झॉफमध्ये दोन खास अक्षरं "थांब" आणि "चालू" म्हणून वापरली जातात आणि तीच अक्षरं तुमच्या झिप फाइलमध्येही असतातच, मग ट्रान्सफर विनाकारण अडकून बसते.

८-नन-१ वर जरा थांबतो कारण आपल्या मराठी लोकांना याचा फटका जास्त. जुन्या माहितीत कुठेतरी ७ बिट, इव्हन पॅरिटी असं लिहिलेलं सापडतं. इंग्रजी मजकुराला ते चालून जातं कारण त्याची सगळी अक्षरं पहिल्या १२८ जागांत बसतात. पण श्रीलिपी वगैरेसारखे युनिकोडच्या आधीचे मराठी फॉन्ट वरच्या १२८ जागाही वापरतात, अर्धी जोडाक्षरं आणि वेलांट्या तिकडेच असतात. आठवा बिट गेला की फाइल पोचते, उघडतेही, आणि आत "श्री गणेशाय नमः" च्या जागी भलतंच काहीतरी. म्हणून ८ बिट, आणि टर्मिनलमध्ये नेहमी "सेंड बायनरी" आणि "रिसीव्ह बायनरी". "सेंड टेक्स्ट फाइल" ला हात लावायचा नाही.

आता दोन्हीकडे टाइप करा: ए टी. उत्तर ओके आलं पाहिजे. मग ए टी अँड एफ, म्हणजे मॉडेम कारखान्यातून आला तसा. यूएस रोबोटिक्सच्या मॉडेमला ए टी अँड एफ १ द्या, त्याने हार्डवेअर फ्लो कंट्रोल चालू होतं.

ओके येत नसेल तर हे बघा:

- काहीच दिसत नाही: पोर्ट चुकला, नाहीतर केबल नल मॉडेमची आहे, नाहीतर मॉडेमचं बटण बंद (हो, मी)
- कचरा अक्षरं येतात: स्पीड जुळत नाही, ९६०० करून बघा
- टाइप केलेलं दिसत नाही पण ओके येतं: एको बंद आहे, ए टी ई १ द्या
- प्रत्येक अक्षर दोनदा दिसतं: प्रोग्रामचा एको पण चालू आहे, तो बंद करा

पोर्टचा स्पीड दोन्हीकडे वेगळा असला तरी हरकत नाही, ९८ कडे ५७६०० आणि फोर-एट-सिक्सकडे ९६००, चालतं. पोर्टचा स्पीड म्हणजे मशीन ते मॉडेम. मॉडेम ते मॉडेम हा लाइनचा स्पीड, तो ते दोघं आपसात ठरवतात, मध्ये फरक पडला तर हार्डवेअर फ्लो कंट्रोल सांभाळतं. आणि ५६के मॉडेम आहे म्हणून ५६ ची आशा धरू नका. ५६ हा वेग एका बाजूला इंटरनेट कंपनीचं डिजिटल यंत्र असेल तरच, तोही एकाच दिशेने. दोन साधे मॉडेम जास्तीत जास्त ३३.६ वर जुळतात, आणि आमच्यासारखा एक १४.४ असेल तर १४.४.

६. डायल करा, उचला

घरून मी टाइप केलं: ए टी एक्स ३ डी टी २१. ए टी म्हणजे लक्ष दे, डी डायल, टी टोनने, २१ मामाचं एक्स्टेन्शन. एक्स ३ महत्त्वाचं. इंटरकॉमचा डायल टोन टेलिफोन एक्स्चेंजसारखा नसतो, तुटक असतो, मॉडेम तो ओळखत नाही आणि "नो डायलटोन" म्हणून बसतो. एक्स ३ दिलं की टोनची वाट न बघता डायल करतो. फार जुना ईपीएबीएक्स असेल तर टीच्या ऐवजी पी, म्हणजे पल्स, कट-कट-कट करत डायल होतं.

मामाच्या स्क्रीनवर रिंग, रिंग असं आलं. त्याला सांगून ठेवलेलं, दोनदा दिसलं की ए टी ए, म्हणजे उचल. मामा टाइप करायला हळू, पहिल्यांदा ए टी ए ए झालं. दुसऱ्या वेळी बरोबर झालं. मॉडेम डायल केल्यावर साधारण ५० सेकंद वाट बघतो, त्यामुळे घाई नसते. समोर माणूस बसवायचा नसेल तर तिकडे आधीच ए टी एस ० बरोबर १ द्या (शून्य, ओ नाही), मग पहिल्या रिंगला मॉडेम स्वतःच उचलतो.

थेट वायरवाल्यांनी एका बाजूला ए टी एक्स १ डी, आणि लगेच दुसऱ्या बाजूला ए टी ए. रिंग येणार नाही, कारण रिंग द्यायला मध्ये कुणीच नाही.

मग आधी एक लांब शिट्टी, मग दुसरी, मग दोघं एकमेकांवर खेकसल्यासारखी खरखर. ज्यांनी १९९५ च्या १५ ऑगस्टला व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने सुरू केलेल्या इंटरनेटचा जमाना पाहिलाय त्यांना सांगायला नको. खरखर थांबून स्क्रीनवर "कनेक्ट १४४००" दिसलं की झालं. रात्रीची वेळ असेल तर आधी ए टी एम ० दिलंत तर स्पीकर गप्प राहतो, पण पहिल्यांदा आवाज ऐका, तुटतंय कुठे ते त्यावरून कळतं.

आता लगेच फाइल पाठवू नका. काहीतरी टाइप करा. मी इंग्रजी अक्षरात "चहा झाला का" टाइप केलं, आणि मोबाइलवर मामाचा आवाज आला, "अरे, स्क्रीनवर चहा विचारतोय कोणीतरी." अक्षरं स्वच्छ जातायत, मध्ये कचरा येत नाही, एवढं दोन्ही बाजूंनी बघून घ्या. कचरा येत असेल तर लाइन खराब किंवा एरर करेक्शन जुळलेलं नाही, तोडून परत लावा. तोडायला आधी एक सेकंद गप्प बसा, तीन वेळा अधिकचं चिन्ह, एंटर नको, परत एक सेकंद गप्प, ओके आलं की ए टी एच.

७. पहिल्या दोन फाइली, एक्समोडेमने

टर्मिनलमध्ये सेटिंग्ज, बायनरी ट्रान्सफर्स, एक्समोडेम-सीआरसी. हायपरटर्मिनलमध्ये ट्रान्सफर, सेंड फाइल, प्रोटोकॉल एक्समोडेम. आधी पाठवणाऱ्याने सुरू करा, मग मिनिटभरात घेणाऱ्याने "रिसीव्ह बायनरी फाइल" करून नाव टाका. एक्समोडेम नाव पाठवत नाही त्यामुळे नाव आणि एक्सटेन्शन तुम्हीच बरोबर द्या, आणि आठ अक्षरांच्या आतच, विंडोज ३.१ आहे ते.

पीकेझिपची फाइल २०० केबीच्या आसपास, आमच्याकडे दहा मिनिटं लागली. दोन्ही पोचल्या की टर्मिनल बंद, विंडोजमधून पूर्ण बाहेर, काळ्या स्क्रीनवर. विंडोजच्या आतल्या डॉसच्या खिडकीत टेलिक्स चालवू नका, ८२५० चिप असेल तर अक्षरं पडतात.

आणि एक: एक्समोडेम शेवटचा तुकडा १२८ बाइटचा भरायला मागे फालतू बाइट जोडतो. झिपला त्याचा त्रास होत नाही. कच्ची पेजमेकरची फाइल मात्र एक्समोडेमने पाठवू नका.

८. खरं काम

फोर-एट-सिक्सवर आधी झिप करा. पीकेझिप, डॅश आरपी, झिपचं नाव, आणि फोल्डर. आरपी दिलं की आतले फोल्डरही रचनेसकट येतात. पण सगळ्याची एकच मोठी झिप करू नका. आमचा एकूण माल झिप होऊन २१ एमबी झाला. १४४०० वर झेडमोडेम सेकंदाला सोळाशेच्या आसपास बाइट देतो, म्हणजे २१ एमबीला जवळजवळ चार तास. चार तास परसातली वायर, लाइटचा भरवसा आणि मामीचा संयम हे तिन्ही टिकणं अवघड. मी दोन-दोन एमबीच्या अकरा झिप केल्या, एकीला २२ मिनिटं. हे दोन-दोन एमबीचं गणित बसवायला सालाप्रमाणे फोल्डर केले तेव्हा मामाने १९९७ ची एक पत्रिका बघून तासभर त्या लग्नाची गोष्ट सांगितली, तो वेळ यात धरलेला नाही.

झिप झाल्यावर पीकेअनझिप डॅश टी करून प्रत्येक तपासा. डिस्कच खराब असेल तर ते इथेच कळतं, अर्धी रात्र जागून नाही.

टेलिक्समध्ये आल्ट-पी ने स्पीड १९२००, ८-नन-१. परत जुळवा, तेच, ए टी ए वगैरे. मग पेज-अप म्हणजे पाठवा, पेज-डाउन म्हणजे घ्या. पेज-अप, झेडमोडेम, फाइलचं नाव. समोर हायपरटर्मिनल झेडमोडेम आल्याचं स्वतः ओळखून घ्यायला लागतं, तिकडे काही दाबावं लागत नाही, फक्त कुठल्या फोल्डरमध्ये ठेवायचं ते आधी सांगून ठेवा. लाइन तुटली तर परत जुळवून तीच फाइल परत पाठवा, हायपरटर्मिनलमध्ये "झेडमोडेम विथ क्रॅश रिकव्हरी" निवडलेलं असू द्या, तुटलं तिथून पुढे जातं.

स्क्रीनवर सीआरसी एरर (तुकडा चुकीचा पोचल्याची खूण) अधूनमधून एखादी आली तर चालेल. ओळीने यायला लागल्या तर तो लाइनचा दोष नसतो, मॉडेममधलं एरर करेक्शन लाइनच्या चुका आधीच गाळतं. तो पोर्टचा दोष, म्हणजे फ्लो कंट्रोल किंवा ती चिप. मी ९६०० वर आलो आणि एरर शून्य झाल्या. वेळ पावणेदोनपट लागला. पण झोप लागली.

आणि दोन्हीकडचे स्क्रीनसेव्हर, पॉवर सेव्हिंग बंद.

९. फॉन्ट विसरलात तर सगळं फुकट

पेजमेकरच्या फाइली आल्या, मी खूश, उघडल्या तर सगळीकडे इंग्रजी अक्षरांची खिचडी. जुन्या मराठी फाइलमध्ये मराठी नसतंच, नुसते आकडे असतात, आणि कुठल्या आकड्याला "क" म्हणायचं हे तो फॉन्ट ठरवतो. म्हणून फॉन्टही आणा. विंडोज ३.१ मध्ये ते विंडोजच्या आतल्या सिस्टिम फोल्डरमध्ये असतात, टीटीएफ आणि एफओटी अशा जोडीने. टीटीएफच आणा, खरा फॉन्ट त्यात, एफओटीमध्ये फक्त पत्ता असतो, दुसऱ्या मशीनवर तो नव्याने बनतो. मराठीची बरीच पॅकेजेस मागच्या पॅरलल पोर्टवर लॉक लावून चालायची, त्यामुळे आख्खं पॅकेज उचलून आणायच्या भानगडीत पडू नका. नुसती छापायला आणि बघायला फॉन्ट पुरतात.

फाइलींच्या तारखा १ जानेवारी १९८० दिसल्या तर तो व्हायरस नाही, जुन्या मशीनची सीमॉस बॅटरी (आतलं घड्याळ चालवणारी) संपली आहे. आमच्याकडे निम्म्या पत्रिका १९८० च्या, त्यात वधू-वरांच्या तारखा २००३ च्या.

१०. उठण्याआधी

९८ वर पीकेअनझिप डॅश टी परत, सगळ्या अकरा. प्रत्येक झिपमधली एक तरी फाइल उघडून बघा. मग ९८ वरून सीडीवर घ्या. पेनड्राइव्ह ९८ ला ड्रायव्हर टाकल्याशिवाय दिसत नाही, त्यात रात्र घालवायची असेल तर घालवा. फोर-एट-सिक्सवरचं काहीही पुसू नका.

पावसाळ्यात हे करत असाल तर ढग गडगडायला लागले की अडॅप्टर काढण्याआधी फोनची वायर काढा. उघड्यावरून गेलेल्या वायरवर वीज जवळपास पडली तरी मॉडेम जातो आणि त्याच्यामागून सिरीयल पोर्ट. कोकणात ज्यांच्याकडे डायल-अप होतं त्यांनी निदान एक मॉडेम असा घालवलेलाच आहे.

आणि मॉडेम काढल्यावर इंटरकॉमचे फोन दोन्हीकडे परत लावा. आम्ही प्रेसमधला लावायला विसरलो, मामी दुपारभर २१ फिरवत होती आणि शेवटी परसातून हाक मारत खाली आली, तोवर आमटी थंड झाली होती.